चेनचं लॉक

तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी काढायला धनराजने शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली आणि पन्नीच्या आधी एक बारीक पोलादी तुकडा बोटाला टोचला. काढून पाहिलं तर चेनचं लॉक. नखाहून थोडं मोठं, एका बाजूने बंद, दुसऱ्या बाजूने उघडं, नवंकोरं आणि ग्रीसने चिकट. चंद्रपुरात मूल रोडवरच्या त्याच्या गॅरेजमध्ये असली लॉकं एका पत्र्याच्या झाकणात पडलेली असत, हातोडीखाली सापडत, कधी बुटाच्या तळाला चिकटून घरीही येत, पण खिशात त्याने लॉक आजवर ठेवलं नव्हतं. ती वेळ काल आली होती. गावी, धाकट्या भावाच्या अंगणात, तिथल्या धुळीत हे पडलं तर सापडायचं नाही म्हणून त्याने ते खिशात टाकलं होतं. शर्ट तोच होता. म्हणजे प्रफुल्लच्या गाडीला काल बसवलेली नवी चेन लॉकाशिवाय होती, आणि प्रफुल्ल आज सकाळी त्याच गाडीवर बायकोला, रीनाला, मागे बसवून वडशाकडे निघाला होता. वडशाजवळ रीनाचं माहेर, आणि तिथे आज मंडई, दिवाळीनंतरची जत्रा.

या तुकड्याचं काम तसं एवढंसं. चेनची दोन टोकं एका कडीने जोडायची, कडीवर बाहेरून पट्टी बसवायची आणि ती पट्टी निसटू नये म्हणून वरून लॉक सरकवायचं. पकडीने दाबलं की टक्क वाजतं. वाजलं नाही तर बसलं नाही, हे तो गिऱ्हाइकांना मोठ्या तोऱ्यात ऐकवत आला होता. लॉक नसलं तरी पट्टी नुसत्या घट्टपणावर टिकते; एखादा दिवसही टिकेल, नाहीतर पहिल्या खड्ड्यालाच जाईल. मग चेन उतरते, पुढच्या स्पॉकेटवर, म्हणजे दातेरी चाकावर, गोळा होते आणि मागचं चाक धावता धावता जागच्या जागी आवळतं. त्या रस्त्यावर लोखंडाच्या दगडाचे ट्रक एकामागे एक लागलेले असतात. हे सगळं एका दमात डोळ्यांपुढून गेलं तेव्हा त्याला भीती वाटायला हवी होती. त्याचे आधी कान तापले. लाज वाटली, आणि कुणी पाहतंय का म्हणून त्याने मूठ मिटून घेतली. बाकावर हरिदासभाऊ बसले होते, खाणीतून रिटायर झालेले, गाडी नीट असली तरी इथे येऊन बसणारे. “का झालं मिस्त्री? चेहरा काऊन उतरला?” त्यांनी विचारलं. धनराज म्हणाला, “काई नाई.” आणि जिचा काही संबंध नव्हता ती समोरची गाडी उगाच पुसायला लागला.

फोन करायचा आणि सांगायचं, गाडी थांबव. एवढंच तर होतं. पण फोन केला की प्रफुल्ल विचारणार, दादा, तू कसा काय विसरला? आणि तो विचारणारच. गावात धनराजचं नाव होतं. गावातली निम्मी पोरं गाडी बिघडली की तिथल्या मिस्त्रीला न दाखवता थेट त्याला फोन लावत, आवाज ऐकवत, आणि तो इथून सांगे की टायमिंग चेन वाजते किंवा क्लच प्लेटा गेल्या. असा माणूस लॉक खिशात घेऊन चंद्रपूरला परत येतो. कसा येतो? त्या प्रश्नाला उत्तर होतं आणि ते उत्तर धनराज कालपासून स्वतःलाही नीट देत नव्हता. परतीच्या एसटीत त्याने डोळे मिटून घेतले होते, रात्री बायकोने, दीपालीने, वाढलेलं मुकाट्याने जेवला होता, गावचं काही विचारलं तर धान बरं निघालं एवढं म्हणाला होता.

काल तो गेला तो धानाच्या मळणीसाठी. मळणीचं मशीन खळ्यावर लागणार, आई एकटी किती पाहणार, म्हणून. जाताना चेन सेट घेऊन गेला, कारण मागच्या खेपेला प्रफुल्लच्या गाडीवर बसला तेव्हा चढावर चेन दातांवरून उड्या मारत होती. मागच्या स्पॉकेटचे दात पाहिले तर झिजून सगळे एका बाजूला वाकलेले. अशा दातांवर नुसती नवी चेन चढवणं म्हणजे नवी चेन वाया घालवणं. पुढचं स्पॉकेट, मागचं स्पॉकेट आणि चेन, तिन्ही एकदमच बदलावी लागतात. त्याने अंगणात गाडी मधल्या स्टँडवर घेतली. हे काम त्याला आवडायचं. चाक काढलं, जुनं स्पॉकेट सोडवलं, नवं बसवून नट आवळले. जुनी चेन पूर्ण बाहेर काढली नाही. तिच्या टोकाला नवी जोडली आणि जुनी ओढत नेली, की नवी तिच्यामागे आपोआप पुढच्या स्पॉकेटवरून फिरून बाहेर आली. हे पाहून प्रफुल्ल लहानपणासारखा हसला. तेवढ्यात खळ्यावरून हाक आली, मशीनचा पट्टा घसरला होता, आणि तो पळाला. अंगणात धनराज उरला, गाडी उरली आणि चेनची दोन टोकं उरली. ती जोडताना चाक कुणीतरी धरावं लागतं, नाहीतर ते फिरतं आणि टोकं सुटतात. गॅरेजमध्ये तो गुडघ्याने अडवायचा. पण तिथला ओटा सपाट होता. इथे अंगण उताराचं, गाडी डुलत होती. घरात फक्त रीना होती.

रीना प्रफुल्लची बायको, म्हणजे धनराज तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यांच्या समाजात भासऱ्याने भावाच्या बायकोला शिवायचं नसतं. तिने त्याच्यासमोर खाटेवर बसायचं नाही, त्याने ती चुलीपाशी असताना आत जायचं नाही, दोघांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही. बोलणं मधल्या कुणाशी तरी करायचं. आई असली तर आईला सांगायचं, कुणीच नसलं तर भिंतीला, कोंबडीला. “पाणी पायजे होतं,” असं तो अंगणाला म्हणायचा आणि लोटा उंबऱ्यावर यायचा. हे तो मानत होता का? चंद्रपुरात हरिदासभाऊंसारखे बौद्ध, तेलुगू, बिहारी, सगळ्यांच्या बायका त्याच्याशी गाडीच्या आवाजावरून भांडत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. दीपालीने त्याला एकदा विचारलंही होतं की तुमच्या या रीतीत बाईनं मरत असलं तरी सांगायचं नाही काय. त्याने हसून सोडून दिलं होतं. पण गावाच्या शिवेत पाऊल पडलं की मान आपोआप खाली जायची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी रीनाचा चेहरा त्याने पुरता पाहिलेला नव्हता. पदराची कड, टाचा, लोटा ठेवणारा हात, एवढीच त्याला ती माहीत होती. आवाजही घरातून भांड्यांच्या आवाजात मिसळून येईल तेवढाच.

तो अंगणाला म्हणाला, “कोणी चाक धरलं असतं तं बरं झालं असतं.” बऱ्याच वेळाने ती आली. चाकाच्या पलीकडे उकिडवी बसली, पदर कपाळाखालपर्यंत ओढलेला, तोंड कुंपणाकडे. दोन्ही हात टायरवर ठेवले. त्याने लॉक खिशात टाकलं, कडी आतून घातली, पट्टी बसवली, पकडीने दाबली. आता लॉक काढायला खिशाकडे हात जाणार, तेवढ्यात गाडी स्टँडवर हलली. चाक फिरलं आणि सवय नसलेलं माणूस जे करतं तेच तिने केलं, चाक सोडून चेन धरली. चेन दातांकडे जात होती. बोट मध्ये सापडलं की नखासकट जातं. धनराजच्या स्वतःच्या डाव्या हाताचं एक बोट त्याची साक्ष देतं. त्याने तिचं मनगट धरून मागे ओढलं. एक बांगडी फुटली. बोट वाचलं. इथवर त्याचं काही चुकलं नव्हतं, कुणासमोरही त्याने हे सांगितलं असतं. पण मनगट त्याने लगेच सोडलं नाही. सोडायला हवं होतं त्यानंतरही ते त्याच्या मुठीत राहिलं. किती वेळ, ते त्याला सांगता येणार नाही, पण ते गरम होतं आणि आत नाडी उडत होती हे कळण्याइतका वेळ नक्की. आणि तिचा पदर मागे पडला होता, आणि त्याने पाहिलं. ती आपल्या हाताकडे बघत होती. नाक लहान, हनुवटीवर गोंदण, वय त्याला वाटलं होतं त्याहून बरंच कमी. त्याच्या मनात काही वाईट आलं नाही, असं तो कालपासून स्वतःला बजावत होता. आलं काय होतं, ते मात्र त्याला ठरवता येत नव्हतं.

मग ती उठून आत गेली. थोड्या वेळाने मागच्या न्हाणीतून पाणी ओतल्याचा आवाज आला. तांब्यामागे तांब्या. आजोबांच्या काळी भासऱ्याचा हात लागला तर दोघांनाही डोक्यावरून पाणी घ्यावं लागे, हे धनराजला लहानपणापासून ठाऊक होतं; आता कोण करतं, असंही त्याला वाटत होतं. ती करत होती. भर दुपारी, त्याच्यामुळे. किंवा नुसते डाग धूत असेल, कारण तिच्या मनगटावर त्याच्या बोटांचे ग्रीसचे काळे ठसे उठले होते. ते डाग पाण्याने जात नाहीत. त्यांना पेट्रोल लागतं, नाहीतर कपड्यांचा सोडा चोळावा लागतो. हे ओरडून सांगावं असं त्याला वाटलं, आणि सांगायचं तर भिंतीलाच सांगावं लागलं असतं. पाण्याचा आवाज थांबेना. तो ऐकवेना म्हणून त्याने चेन कव्हर लावलं, पाने पिशवीत कोंबले, जुनी चेन कुंपणावर टाकली, आणि खळ्यावर जाऊन मशीनच्या धुरळ्यात सगळ्यांच्या आधी पोती उचलायला लागला. प्रफुल्लने विचारलं, “झाली काय दादा?” तो म्हणाला, “झाली.” लॉक तेव्हा खिशातच होतं.

आता हरिदासभाऊ त्याच्याकडे बघत होते. धनराज गॅरेजच्या मागे गेला आणि पहिला फोन दीपालीला लावला. ती शिलाईच्या दुकानात होती. त्याला सुचलं होतं की बायकांना एकमेकींशी बोलायला कसलीच आडकाठी नाही. दीपालीने रीनाला सांगितलं तर काम होईल आणि आपल्याला त्या प्रश्नापुढे उभं राहावं लागणार नाही. युक्ती सुचली याचाच त्याला जरा दिलासा वाटला, आणि लगेच त्या दिलाशाचीही शरम वाटली. तो म्हणाला, “रीनाले फोन करून सांग, गाडी हळू चालवा म्हणा. चेन नवी हाय.” दीपाली म्हणाली, “भाऊजीले तुमीच सांगा ना. मी मशीनवर बसून हाओ.” “तूच सांग.” “काऊन? का झालं?” तिचा आवाज बदलला. “अवो, काल आल्यापासून तुमी असे हाव. भांडण गिंडण झालं काय गावाले?” तो नाही म्हणाला. तिने पुन्हा विचारलं. त्याने गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. खोटं बोलताना आपण भिंतीकडे तोंड केलं आहे, हे त्याच्या लक्षात आलं. हळू चालवा म्हणा, म्हणे. लॉक नाही हे वाक्य त्याने स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. एवढा वेळ गाडी रस्त्यावर धावत होती, आणि तो आपली अब्रू कुठून सुरक्षित निघेल त्याची वाट शोधत होता. दोन जिवांच्या बदल्यात. आपण इतके हलके आहोत, हे माणसाला कळायला खिशात हात घालावा लागतो, असं त्याला वाटलं आणि स्वतःचा अतिशय राग आला. त्या रागातच त्याने प्रफुल्लचा नंबर लावला.

रिंग पूर्ण वाजून बंद पडली. दुसऱ्यांदा लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. गडचिरोलीच्या पुढे जंगल लागलं की असंच होतं, हे त्याला माहीत होतं. तरी डोळ्यांपुढे प्रफुल्ल आला, लहानपणी सायकलच्या दांड्यावर बसून मागे वळून वळून बोलणारा, दादा जोरात, दादा अजून जोरात. ती सायकल नाल्याच्या उतारावर पडली होती, प्रफुल्लच्या भुवईवर अजून खूण आहे, आणि पोराने घरी सांगितलं होतं की मीच हँडल ओढलं. त्याला धनराजला बोलणी बसू द्यायची नव्हती. त्याच्या लेखी दादाचं कधी काही चुकतच नसे, आणि धनराजने हे इतकी वर्षं आरामात घेतलं होतं. तिसऱ्यांदा फोन लागला. कुणीतरी उचलला आणि काही बोललं नाही. ट्रकची घरघर ऐकू आली, मग दुसऱ्याची. “प्रफुल्ल?” तो म्हणाला. श्वास ऐकू आला. तो श्वास कुणाचा ते त्याला कळलं. पलीकडे काही सरकलं आणि प्रफुल्लचा आवाज आला, धापा टाकत.

“दादा, बरं झालं तूच फोन केला. चेन उतरली ना आरमोरीच्या अलीकडे. हात काळे हायेत माहे, रीना माह्या कानाले फोन लावून उभी हाय.”

“लागलं काय? पडले काय तुमी?”

“नाई नाई. ट्रकवाला समोर होता म्हणून हळूच होती गाडी. चाक जाम झालं, घसरलो, पन पडलो नाई. कव्हर फुटलं. लॉक उडालं दादा. मालच खराब देते हे दुकानवाले, तुले डुप्लिकेट लॉक देलं असन. तू त्याले सोडू नको.”

धनराज भिंतीला टेकला. दोघं जिवंत होते, उभे होते, बोलत होते. क्षणभर नुसतं बरं वाटलं. आणि त्याचबरोबर समोर एक दार उघडं दिसलं. हो, माल खराब असेल, एवढं म्हटलं की संपलं. दुकानदार कुणी ऐकत नव्हता, लॉक कुणी पाहणार नव्हतं. त्याने हो म्हणायला तोंड उघडलं सुद्धा.

पण प्रफुल्ल बोलतच होता. “आन सकाळी निघताना हे मले का म्हणते, का तुमच्या दादानं लॉक लावलंच नाई, खिशात टाकलं. म्या म्हटलं, तुले का मालूम? तू भासऱ्याच्या खिशाकडे काऊन पाहत होती? तं मनगटावर काळे डाग. इचारलं तं म्हणे, बोट वाचवलं त्यायनं. डोकं फिरलं माहं, देली एक ठेवून. दादाच्या कामात खोट काढते! म्या म्हटलं, दादा आन लॉक विसरन?” तो हसला. हे सगळं तो तिने कानाला लावून धरलेल्या फोनमध्ये बोलत होता. ती त्याच्या एवढी जवळ उभी होती.

धनराजला काल ऐकलेलं पाणी आठवलं नाही, मनगटाची ऊब आठवली नाही. कालपासून ज्याची लाज तो जपून धरून बसला होता ते सगळं एकदम क्षुल्लक झालं. तिने पाहिलं होतं. भासऱ्याला सांगता येत नव्हतं म्हणून तिने ज्याला सांगता येतं त्याला सांगितलं होतं, आणि त्याबद्दल मार खाल्ला होता, त्याच्या नावाने. मग त्याच गाडीवर, त्याच लॉकाशिवायच्या चेनवर, ती मुकाट्याने मागे बसली होती. कारण दादा विसरत नाही.

“प्रफुल्ल,” तो म्हणाला. “लॉक माह्या खिशात हाय. म्या लावलंच नाई. ते खरं बोलली.”

पलीकडे एक ट्रक गेला, त्याच्या घरघरीवर आवाज चढवत धनराज पुढे बोलला.

“आन ते डाग माह्याच हाताचे हायेत. चाक फिरलं, म्या तिले ओढलं. तिचा काई दोष नाई.” मग तो म्हणाला, “फोन तिले दे.”

“कोनाले?” प्रफुल्लचा आवाज ओळखू येऊ नये इतका बारीक झाला होता.

“रीनाले.”

“फोन तिच्याच हातात हाय दादा.”

काहीतरी घासलं. कानावरून कानावर. मग पुन्हा तोच श्वास. धनराजच्या समोर गॅरेजची मागची भिंत होती, आणि सवयीने त्याची नजर तिच्यावर गेली. त्याने ती ओढून काढली आणि डोळे मिटले. “रीना, बाई,” तो म्हणाला, “चूक माही होती. मार तुले बसला. मी तुले—” पुढे माफी हा शब्द यायला हवा होता. तो त्याला घरात कुणालाच कधी म्हणावा लागला नव्हता. “मी लाजलो, म्हणून आधी फोन केला नाई. मले माफ कर.”

ती बोलणार नाही असं त्याने गृहीत धरलं होतं. बोलली नसती तर त्याला ते पुरलंही असतं. आपलं सांगून झालं, असं म्हणून तो सुटला असता.

“गाडी तं आरमोरीच्या मिस्त्रीकडे बनन,” ती म्हणाली. आवाज जाड होता, रडून कोरडा झालेला, आणि त्यात भीड अजिबात नव्हती. “पन मायच्या घरी सारे सोयरे जमले हायेत मंडईले. गालावर बोटं उमटली हायेत माह्या. मायले मी का सांगू?”

बाजूला प्रफुल्ल काहीतरी पुटपुटला.

“तू काई सांगू नको,” धनराज म्हणाला. “मी येतो. आत्ताच निघतो. तुह्या मायले मीच सांगतो.”

“तिथी सारी मानसं असतीन.”

“असू दे.”

“मंग सारं सांगा,” ती म्हणाली. “लॉकाचंच नाई. मनगटाचंबी.” आणि तिने फोन बंद केला.